आखजीच्या आत लायसन

जुन्या ड्रायव्हरला एक कप चहा पाजा आणि ‘शिकताना काय काय झालं?’ एवढंच विचारा. चहा संपेल, किस्से संपायचे नाहीत! माझंही तेच. एक सांगायला घेतला की बाकीचे मागून भोंगा वाजवायला लागतात. तेव्हा रस्ता देतो, येऊ द्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. वाशीम ते रिसोड एक प्रवासी मोटार चालायची. ती चालवायचे मेहबूब उस्ताद, आणि त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं शिकाऊ, मी आणि संपत. मी रिसोड रस्त्यावरच्याच एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांना मोटारीचं भयंकर वावडं! घरातून निघताना त्यांनी मला सरळच सांगितलं, “येत्या आखजीपावतर लायसन भेटलं तं तू डायवर. नाई तं मी बैलगाडी जुपून येतो अन् तुले उचलून आणतो. वखर वाट पाहून राह्यला!”

आखजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे शेतीचं नवं साल सुरू होतं. माझ्या हातात वर्षभराचा वेळ होता आणि वडील बोललेलं करून दाखवतात हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून चूक कोणाचीही होवो, आखजीला किती दिवस उरले ते मी मोजायचो.

*

पहिल्या दिवशी मला वाटलं, उस्ताद स्टेरिंग हातात देतील. त्यांनी भाकर दिली! वर ठेचा.

“त्या बाभळीखाली रस्त्याच्या कडेला बस अन् जेव,” म्हणाले.

मी खूश. असा प्रेमळ गुरू कुठे मिळतो? पहिला घास मोडतो न मोडतो तोच उस्ताद मोटार घेऊन भरधाव माझ्या अंगावरून गेल्यासारखे गेले. धुळीचा असा लोट उठला की मला माझा हात दिसेना. मोटार पुढे जाऊन थांबली, उस्ताद चालत मागे आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

“आता खाय.”

“उस्ताद, हे कसं खाऊ? बम धूळ बसली!”

“रस्त्यावरच्या गावाईत लोक रोज असंच जेवतेत. आपली मोटार गेली का त्याईच्या ताटात धूळ! गाव दिसलं का गाडी हळू. ध्यानात राहीन?”

मी म्हटलं राहील. तरी दोन घास खायला लावलेच! अजून एखादं गाव जवळ आलं की माझे दात आपोआप कचकचतात आणि पाय ब्रेकवर जातो.

*

त्या काळी मोटार बटण दाबून चालू होत नसे. पुढे लोखंडी हँडल घालून फिरवावं लागायचं. उस्तादांचा नियम होता, हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मुठीत आवळला आणि इंजिनानं उलटा झटका मारला, तर अंगठ्याचा भुगा!

संपत डावखुरा. हे त्याला दहादा सांगून झालं होतं. अकराव्यांदा सांगायच्या आत त्यानं डाव्या मुठीत हँडल आवळलं आणि इंजिनानं झटका दिला. अंगठा मोडला.

दवाखान्यातून बाहेर येताना तो रडत होता. मला वाटलं दुखतंय.

“दुखण्याचं काही नाई गा,” संपत म्हणाला, “शिकाऊ परवान्याच्या कागदावर परवा डाव्या अंगठ्याचा ठसा द्याचा हाये. मले सही कुठी येते?”

कचेरीतल्या कारकुनानं त्याचं फडकं बांधलेलं बोट पाहिलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. अंगठा काही पंधरा दिवसांत बरा होणार नव्हता. मग उस्तादांनी खडू आणला, आणि संपतनं मोटारीच्या मागच्या फळीवर ‘संपत’ लिहायला सुरुवात केली. पंधरा दिवस आमची मोटार वाशीम-रिसोड अशी ‘संपत संपत संपत’ करत फिरत होती! सोळाव्या दिवशी त्यानं कारकुनासमोर उजव्या हातानं ठसठशीत सही ठोकली. त्याच्या घराण्यातली पहिली सही. त्याची आई येऊन त्या हँडलाला हळदकुंकू लावून गेली.

*

वळायच्या आधी हात बाहेर काढून दाखवायचा, हा नियम मला फार आवडायचा. फार रुबाबदार वाटायचं! पहिल्यांदा मी एका वळणावर उजवा हात लांबच्या लांब बाहेर काढला. तिथे पारावर चार माणसं बसली होती. एका म्हातारीनं उठून माझ्या हातात गाठोडं ठेवलं.

“माह्या पोरीले देजो रे बाबू! रिसोडच्या बजारात उतरला का कोणालेबी इचार!”

पुढच्या वळणावर पुन्हा हात काढला, तर एकानं चिठ्ठी दिली. त्याच्या पुढच्या वळणावर लोणच्याची बरणी! रिसोड येईपर्यंत माझ्या मांडीवर ठेवायला जागा उरली नाही.

उस्ताद शांतपणे म्हणाले, “अबे, तू वळाले हात काढतो का मांगाले?”

लोणचं मात्र उस्तादांनी स्वतः हातात धरून त्या घरी पोचवलं. वर चाखूनही आले!

*

पावसाळ्यात वाटेतल्या नाल्याला पाणी आलं की उस्ताद मोटार उभी करायचे. स्वतः धोतर खोचून आत उतरायचे, पलीकडे जाऊन परत यायचे आणि मगच गाडी घालायचे. एकदा गाडीत एक पाटील होते. त्यांना कोर्टात पोचायचं होतं. ते खवळले.

“घाल ना गाडी! माह्या पायाखालचा नाला हाये. गुडघाभर पानी! कायले टाइम खोटी करतं?”

उस्ताद अदबीनं म्हणाले, “पाटीलबुवा, तुमाले ठाऊक हाये तं तुमीच पुढं व्हा. मी तुमच्या मांगं गाडी आणतो.”

सगळ्या गाडीसमोर आता माघार कशी घेणार? पाटील उतरले. चार पावलं गुडघा, सहाव्याला कमर, आणि आठव्याला पाटलांचा फेटाच तेवढा कोरडा! परत येऊन ते मुकाट जागेवर बसले. पाणी उतरेपर्यंत दोन तास लागले. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाच तोंड उघडलं.

“उस्ताद, कोर्टात तारीख पुढची भेटते, नाई का?”

*

आता थोडा वेगळा किस्सा. हिवाळ्यात एकदा मी चालवत होतो, उस्ताद शेजारी, मागे पंधरावीस माणसं. लांब उतार लागला आणि माझा ब्रेक खाली गेला तो वर आलाच नाही! आधी मला वडील दिसले, मग वखर, मग काहीच दिसेना.

उस्तादांचा आवाज आला, पोराला भात भरवताना काढावा तसा. “घाबरू नको राजा. क्लच दाब. आता खालचा गेअर घाल. हाँ. अजून खालचा. आता त्या नांगरलेल्या वावरात जाऊ दे. ढेकळं धरतेत आपल्याले.”

ढेकळांनी खरंच धरलं. मोटार धडधडत पन्नास पावलं गेली आणि बसली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही! मागून एका आजीनं विचारलं, “रिसोड आलं का?”

उस्ताद उतरून बाभळीमागे गेले. मीही गेलो. ते विडी पेटवत होते आणि वारा नसतानाही काडी विझत होती. मी काडी ओढून धरली. त्यांनी एक झुरका मारला आणि म्हणाले, “माह्यासमोर भेत जाय. गाडीतल्या लोकाईसमोर नाई.” मला त्या दिवशी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोही.

*

होता होता आखजी एका दिवसावर आली आणि अकोल्याहून परीक्षा घ्यायला साहेब आले. कडक टोपी, कडक चेहरा. साहेब माझ्या शेजारी, उस्ताद मागे. रिसोडच्या दिशेनं दोन मैल सगळं झकास गेलं. मग समोरून भर रस्त्यातून एक बैलगाडी आली. गाडीवान कडब्यावर आडवा, गाढ झोपलेला. दोन्ही बाजूंना खोल चर.

“हॉर्न दे!” साहेब म्हणाले.

हॉर्न दिला असता तर बैल बुजून गाडी चरात गेली असती. मी मोटार कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो.

“मी उतरायला सांगितलं नाही!” साहेब गरजले.

संपलं, असं मला वाटलं. हुकूम मोडला, आता लायसन कसलं? पण उतरलोच होतो, तर जाऊन बैलांची वेसण धरली. उजव्या बैलानं माझं कोपर चाटलं. डाव्यानंही चाटलं. मी मान वर करून कडब्यावर पाहिलं आणि वेसण आणखी घट्ट धरली.

साहेब मागून आले. “ओळखीचा आहे का हा?”

“माहा बाप हाये, साहेब.”

“हा इकडे कुठे निघाला?”

“मले न्यायले. लायसन नाई भेटलं तं मले वखरावर जा लागते. गावात लगन होतं, रातभर जागला असंन.”

साहेबांनी वडिलांकडे पाहिलं. वडील घोरत होते. मग साहेबांनी खिशातून कागद काढला, बॉनेटवर ठेवून काहीतरी लिहिलं आणि मला वाचायला दिलं. ‘पास. हॉर्न न देता बैलगाडी वाचवली. लायसन अकोल्याहून येईल.’ माझ्या डोळ्यांत पाणीच आलं! इतकं हलकं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

“मग आता हा वाशीमला येऊन काय करणार?” साहेबांनी विचारलं. “बैलांना घर माहीत आहे?”

मागून उस्ताद म्हणाले, “साहेब, त्या बैलाईचं लायसन पक्कं हाये!”

त्या रस्त्यावर मोटार एकच, आमची, आणि ती वाशीमकडे परत निघाली होती. मी बैलगाडी हळूच उलटी वळवली. साहेबांनी तो कागद स्वतःच्या हातानं वडिलांच्या मुठीत खोचला.

पुढचं मला आईनं सांगितलं. दुपारी बैल दारात येऊन उभे राहिले तेव्हा ती अंगण झाडत होती. “आणलं का पोट्ट्याले?” असं तिनं विचारलं, तशी वडिलांना जाग आली. ते उठून बसले. मुठीतला कागद त्यांनी पाहिला, रिकामी गाडी पाहिली, घर पाहिलं, बैल पाहिले, आणि आईला विचारलं,

“वाशीम कुठी गेलं वं?”