एक्कावन्न शेअरांचे मालक

जगात भांडवलदार पुष्कळ असतील, पण आपल्या कंपनीचा स्लॅब तळहाताने चाचपून बघणारा भांडवलदार रत्नागिरीत एकच आहे, आणि तो माझ्या आईचा मामा आहे. मी त्यांना मामाआजोबा म्हणते. त्यांच्याकडे एका बांधकाम कंपनीचे एक्कावन्न शेअर आहेत. एक्कावन्न म्हणजे किती हे मला अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत करून बघावं लागतं. सुरुवातीला मी ते एकसष्ट समजले होते, त्यामुळे काही आठवडे माझ्या मनात त्यांच्याविषयी दहा शेअरांचा जादा आदर होता. या कंपनीला आमच्या बाजूला इलेक्ट्रिक बसगाड्यांचा चार्जिंग डेपो बांधायचं काम मिळालं, त्याच आठवड्यात त्यांनी हे शेअर घेतले, आणि तेव्हापासून ‘आपली’ लावल्याशिवाय ‘कंपनी’ हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला नाही. रस्त्यात आपल्या कंपनीचा काँक्रीटचा मिक्सर आला की ते गटाराच्या कडेला उभे राहून त्याला वाट देतात, आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला तर त्याला सांगतात, “थांब रे मेल्या, काम चाललंय आमचं.”

भांडवलदार होण्याआधी तीस वर्षं ते एसटी स्टँडवर गाड्यांच्या सूचना द्यायचे. त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची आणि शेवटी ती कुठे घडणार आहे ते सांगायचं, ही सवय त्यांच्या हाडात गेली आहे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात ते मांडवाच्या दारात उभे राहून म्हणाले, “पंगत बसत आहे. पंगत बसत आहे. हॉलची डावी बाजू.” आणि ज्यांना जेवायचं नव्हतं तेसुद्धा पिशव्या उचलून डावीकडे धावले. मामीआजी गेल्या तेव्हा त्यांनी डोंबिवलीच्या मुलीला फोनवर “आई गेली” हेसुद्धा दोनदा सांगितलं. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. स्टँडवरची त्यांची केबिन म्हणजे एक टेबल, एक माइक आणि हात जाईल एवढी खिडकी. त्या खिडकीतून फलाट दिसत नसे, पण त्यांना त्याची गरजही नव्हती. गाडी वळणावर असतानाच ते आवाजावरून ती ओळखत. “दापोली येतेय. दुसऱ्या गिअरवर रडतेय म्हणजे कोतवडेकर चालवतोय,” असं माइक बंद ठेवून ते चहावाल्याला सांगत, आणि मग माइक सुरू करून जनतेला. एकदाही चुकले नाहीत असं त्यांचंच म्हणणं आहे. त्याविरुद्ध कुणाची तक्रार मी ऐकलेली नाही.

शेअर कोणते घ्यावेत याविषयी त्यांचं एकच तत्त्व आहे. ज्या कंपनीचं काम आपण चालत जाऊन बघू शकतो, तिचेच घ्यावेत. या तत्त्वावर दर शनिवारी सकाळी त्यांच्या पडवीत गुंतवणूकदारांची बैठक भरते. बैठकीला ते स्वतः असतात, शेजारचे बर्फाच्या कारखान्याचे हसनभाई असतात, आणि वाचून दाखवायला मी असते. हसनभाईंकडे कुठल्याही कंपनीचा एकही शेअर नाही. “म्हणूनच बोलवतो,” मामाआजोबा म्हणतात. “निःपक्षपाती माणूस पाहिजे एक.” हसनभाई चहा बशीत ओतून निःपक्षपातीपणे म्हणतात, “मामा, तुमच्या गाडीत डिझेल नाय, धूर नाय, आवाज नाय. मग ती गाडी हाय का कपाट?”

माझी नेमणूक माझ्या इंग्रजीमुळे झाली. शेअरवाल्यांचा इंटरनेटवर एक अड्डा असतो. तिथे लोक टोपणनावांनी एकमेकांना सल्ले देतात, कंपनीची ऑर्डर बुक किती, भाव कुठवर जाईल, हरित वाहतुकीचं भवितव्य काय, वगैरे. मी ते वाचायचं आणि मराठीत सांगायचं. “वाच गो बाय, तुझंच इंग्रजी सुधारेल,” असं ते म्हणाले. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्या मुलीला हे ऐकून काय वाटलं ते मी बोलले नाही. न बोलण्याबद्दल मी आमच्या घरात प्रसिद्ध आहे. एकदा कुणीतरी तिथे लिहिलं की ही कंपनी पाच वर्षांत पाचपट होणार. मामाआजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मला उत्तर टाइप करायला लावलं: ‘बुधवारी डेपोच्या स्लॅबला पाणी मारलेलं नव्हतं.’ मी त्याचं इंग्रजी केलं. पाच मिनिटांत कुणीतरी विचारलं, या माहितीला आधार काय? “सांग त्याला,” मामाआजोबा म्हणाले, “आधार मी स्वतः. तिथे उभा होतो.” तेव्हापासून त्या अड्ड्यावर त्यांचं वजन भलतंच वाढलं. सुरतेचा एक जण आणि हैदराबादचा एक जण दर आठवड्याला विचारतात, रत्नागिरीच्या आजोबांचा रिपोर्ट आला का? त्यांना भाव नको असतो, स्लॅब ओला आहे का एवढंच हवं असतं. मामाआजोबांचं म्हणणं, “बॅलन्सशीटमध्ये काहीही लिहिता येतं गो. स्लॅब ओला आहे असं लिहून ओला होत नाही.”

हा रिपोर्ट आणायला आम्ही दोघं बुधवारी डेपोवर जायचो. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत आणि वॉचमन त्यांना सलाम करी, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला आपण मालकांपैकी आहोत असं सांगितलं होतं, जे कायद्याने खरंच होतं. तिथे एका बुधवारी त्यांनी मला विचारलं, “ओला दिसतोय का गो?” स्लॅब आमच्यापासून तीन हातांवर होता आणि त्याच्यावरून पाणी ओघळत होतं. मी “हो” म्हणाले. तरी ते पुढे झाले, तळहात टेकवला, मान हलवली आणि हात शर्टाला पुसला. इस्त्रीच्या शर्टाला. मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. ते चहा ओततात तेव्हा कपाच्या आत बोट धरतात. मी फाटकातून आत आले की चपलांच्या आवाजावर माझं नाव घेतात. एकदा मी शेजारणीची चप्पल घालून गेले, तर तिचं नाव घेतलं. आणि त्यांच्या खिशात एक लहानशी बाटली असते. ती सर्दीची, असं ते सांगतात, पण सर्दीचं औषध डोळ्यांत घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. एके दिवशी खिशातून पडलेली बाटली मी उचलून दिली आणि देता देता वाचली. काचबिंदूची होती. गेलेली नजर त्यात परत येत नाही, हे मी रात्रभर इंटरनेटवर वाचलं, आणि ते मात्र कुणाला मराठीत सांगितलं नाही.

त्यांना स्वतःला हे कुणाला सांगायचं नव्हतं, त्याचं कारण डोंबिवली. तिथे अकराव्या मजल्यावर त्यांच्या मुलीने त्यांच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली आहे आणि ती फक्त निमित्ताची वाट बघते आहे. ती खोली एकदा पाहून आल्यावर ते म्हणाले होते, “बरी आहे. पण तिथून गाड्या ऐकू येत नाहीत.”

दर तीन महिन्यांनी कंपनीचे साहेब लोक गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतात. मोठ्या फंडांची माणसं प्रश्न विचारतात, बाकीचे ऐकतात. पण नियमाने एक्कावन्न शेअरवालाही विचारू शकतो, हे त्या अड्ड्यावर वाचून मीच त्यांना सांगितलं. याचा पश्चात्ताप मला पुढे झाला, कारण प्रश्न मराठीत ते सांगणार आणि इंग्रजीत मी विचारणार असं बैठकीत एकमताने ठरलं. हसनभाईंनीही हात वर केला. मी प्रश्न कागदावर लिहून आठ दिवस आरशासमोर म्हटला. त्या दुपारी पडवीत फोन मधोमध ठेवून आम्ही तिघं बसलो. फोनवर एक बाई सूचना देत होती. मामाआजोबांनी दाद दिली, “आवाज बरा आहे हिचा. पण एकदाच सांगते.” तासभर नफा आणि येणी चालली. मग त्या बाईने आमचं नाव घेतलं. मी कागद धरला, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. देशभरातले लोक माझा श्वास ऐकत होते. हसनभाई कुजबुजले, “बोल गो पोरी, काय खात नाय ते.” बाईने इंग्रजीत विचारलं, आपण आहात का? तेव्हा मामाआजोबांनी मधला फोन चाचपून उचलला आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, “भागधारकांनी इकडे लक्ष द्यावे. भागधारकांनी इकडे लक्ष द्यावे. आपली नवी गाडी आवाज करत नाही. फलकावरचं ज्याला दिसत नाही, त्याला गाडी आली हे कोण सांगणार?” आणि प्रश्न पुन्हा एकदा, तसाच. शेवटी थोडं थांबून म्हणाले, “माझा एक मित्र आहे, त्याच्यासाठी विचारतोय.”

पलीकडून साहेबांपैकी कुणीतरी स्वच्छ मराठीत म्हणालं, “आजोबा, मुद्दा चांगला आहे. गाड्या आमच्या नाहीत, आम्ही फक्त डेपो बांधतो. पण नोंद घेतो.”

“नोंद घेतो म्हणजे काय ते मला माहितेय,” मामाआजोबा म्हणाले. “तक्रारवहीत तीस वर्षं मीच तसं लिहीत होतो.” आणि त्यांनी फोन बंद केला. आत जाताना मला फक्त, “कागद ठेव हो, पुढच्या तिमाहीला लागेल,” एवढंच म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

पावसाची पहिली गाडी सुरू झाली, म्हणजे पावस गावची, तेव्हा आपल्या कंपनीच्या डेपोवर वीज भरून निघणाऱ्या गाडीत बसायचं म्हणून ते तासभर आधी स्टँडवर जाऊन उभे राहिले. मी बरोबर होते. फलाटावर खूप माणसं होती. दोन म्हाताऱ्या पाट्या मांडून पान जमवत होत्या, कुणी पेंगत होतं, कॉलेजची मुलं मोबाइलमध्ये होती. मामाआजोबांनी मान वळणाच्या दिशेला किंचित कलती धरली होती. केबिनमध्ये ते असेच बसत असणार. आणि गाडी आली. वळणावरून आली, उतारावरून आली, आणि येऊन उभीसुद्धा राहिली. तिच्या चाकाखालची खडी वाजली तेवढीच. कुणी वर पाहिलं नाही. मामाआजोबांची मान तशीच वळणाकडे होती. ते अजून वाट बघत होते.

त्यांच्या कोपराला हात लावला असता तर पुरलं असतं. का कोण जाणे, मी तसं केलं नाही. मी म्हणाले, “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे.” माझा आवाज फाटला. एका म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मग मी पोटातून म्हणाले, “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. पावसला जाणारी गाडी लागलेली आहे. पावसला जाणारी गाडी लागलेली आहे.” सगळा फलाट पाट्या, पिशव्या, मुलं उचलून धावला. माझे कान इतके तापले होते की मला खाली बघावं लागलं.

मामाआजोबा हलले नव्हते. थोड्या वेळाने म्हणाले, “फलाट राहिला.”

“फलाट क्रमांक तीन,” मी म्हणाले.

“हां.”

आम्हाला खिडकीची जागा मिळाली. ते आत बसले, मी बाहेरच्या बाजूला. गाडी सुटली हे फक्त पाठीला कळलं. गाव मागे पडल्यावर ते समोरच्या सीटच्या दांडीला धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “चतुर्थीला मुलगी येईल, तेव्हा तिला मी स्वतः सांगणार आहे. तू नको सांगूस.” मी “बरं” म्हणाले. काय सांगणार ते मी विचारलं नाही आणि मला ठाऊक आहे हे त्यांना कसं ठाऊक, तेही नाही. गाडी भाट्याच्या पुलावर चढली. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. खारा वारा आत येत होता आणि गाडीचा काही आवाज नसल्यामुळे खालचं पाणी ऐकू येत होतं.

“बाहेर काय दिसतंय ते सांग गो,” ते म्हणाले. या वेळी माझ्या इंग्रजीचं नाव त्यांनी काढलं नाही.

खाडीला भरती होती. मी सांगायला लागले. होड्या किती, कुठल्या रंगाच्या, पलीकडे सुरूचं बन कुठून सुरू होतं. सगळं सावकाश, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा.