तुले कोन सांगं?

शंका मॅडम प्रमाण मराठीत बोलत असल्या की ऑफिसात सगळे निवांत असत. त्या अहिराणीवर घसरल्या की समजायचं, आज कोणाचं तरी काही खरं नाही. नंदुरबारच्या आमच्या ठेकेदारी ऑफिसात त्या नियोजन बघायच्या. घर मारवाडी, कापड दुकानवाल्यांचं. पण लहानपणापासून गिऱ्हाइकांशी बोलून अहिराणी अशी मुरलेली, की संशयसुद्धा त्यांना त्याच भाषेत यायचा. आणि संशय तर बाईंना उठता-बसता यायचा.

नाव आम्हीच ठेवलेलं, हे त्यांना ठाऊक होतं. खडी पोचली म्हणा, चहा आला म्हणा, मान वर न करता त्या विचारायच्या, "तुले कोन सांगं?" म्हणजे, तुला कोणी सांगितलं? मग कप समोर असला तरी आत डोकावून बघायच्या. माझ्या तर डोक्यात जायचं ते. ही बाई माझ्यावरच डूख धरून आहे, असं मी घरी सांगायचो.

हिरव्या रंगाशी त्यांचं वाकडं होतं. संगणकावरच्या वेळापत्रकात काम वेळेवर असलं की पट्टी हिरवी, अडलं की लाल. "लाल पट्टी निदान तोंडावर बोलते," त्या म्हणायच्या. "हिरवी दिसली की मला घाम फुटतो."

त्या उन्हाळ्यात आमची तीन कामं एकदम चालू होती. धडगावकडे ओढ्यावरचा पूल, विसरवाडीला हायवेलगत एक शोरूम, खांडबाऱ्याला गोदाम. काँक्रीट वर चढवायचा पंप मात्र तिन्हींत एक. तिन्ही साइटवाल्यांनी आपापली वेळापत्रकं पाठवली. मी सॉफ्टवेअरमध्ये ती जोडून एकच मोठं वेळापत्रक केलं. सगळं हिरवंगार. ऐटीत मॅडमना दाखवलं.

त्यांनी चष्मा पुसला. "तीन भाऊस्मा एक मोटरसायकल, आनि भांडण नही? तुले कोन सांगं?"

"सॉफ्टवेअरनं, मॅडम."

"आनि त्याले कोन सांगं?"

मग त्या यंत्रांची नावं एकेक वाचत बसल्या आणि एकदम हसल्या. धडगावनं 'काँक्रीट पंप' लिहिलेलं, री दीर्घ. विसरवाडीनं 'काँक्रिट', रि ऱ्हस्व. खांडबाऱ्याच्या महाशयांनी तर 'क्राँकीट'. सॉफ्टवेअरला कसलं आलंय शुद्धलेखन? त्यानं तीन नावांचे तीन पंप धरले होते. मॅडमनी तिन्हीकडे एकच नाव केलं, आणि पडदाभर लाल पसरलं. पुलाचा स्लॅब पावसाळ्यापलीकडे गेला होता.

साहेब म्हणाले, "मग पूल पुढच्या वर्षी. पंप आधी विसरवाडीला." शोरूम त्यांच्या मेहुण्यांचं होतं.

मॅडम बोलल्या, आणि चक्क प्रमाण मराठीत. "स्लॅबच्या आधाराचं सेंटरिंग ओढ्यात उभं आहे, साहेब. पहिल्या पुरात वाहून जाईल. पलीकडची माणसं आणखी एक पावसाळा आजाऱ्याला झोळीत घालून पाण्यातून आणतील. पंप आधी धडगावला जाईल. नाहीतर या वेळापत्रकावर माझी सही नाही." त्या दिवशी प्रमाण मराठी ऐकूनही कोणी निवांत झालं नाही.

पंप घाट चढून गेला. पण मेहुण्यांचा मुहूर्त हुकला, ते साहेब विसरले नाहीत. मॅडमना बैठकीला बोलावणं बंद झालं. एक दिवस त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि सुरतेला भावाकडे निघून गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "हिरवं दिसलं की माझी आठवण काढ." मला फार वाईट वाटलं. ज्या बाईवर मी इतका चिडायचो, तिच्याशिवाय माझा आता कशावरच भरवसा बसेना.

स्लॅब पडला त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. मी पुलावरूनच फोन लावला. "मॅडम, स्लॅब झाला."

"तुले कोन सांगं?"

"मी स्वतः उभा आहे इथं."

"फोटू धाड. कालना नको."

मी पुलाचा, ओढ्याचा, पंपाचा, सगळ्यांचा मिळून एक फोटो पाठवला. मला वाटलं, तो बघून बाईंचे डोळे भरून आले असतील.

मग उत्तर आलं. "पंप एकच दिखस. आते पटनं."