अक्कानं वांगं

माझ्या आईला सगळं गाव अक्का म्हणतं, आम्ही पोरंही. पारोळ्याकडच्या मळ्यात ती भरताची वांगी लावायची. हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातात मावणार नाहीत एवढी. गाव त्यांना ‘अक्कानं वांगं’, म्हणजे अक्काचं वांगंच म्हणे. सगळ्यांत चांगल्या फळांच्या देठाला ती लाल चिंधी बांधायची. म्हणजे हे बियाण्याचं, याला कुणी हात लावायचा नाही. बी दरवर्षी तिच्याच हातून न्यायचं, घरचं राखायचं नाही, अशी रीत पडलेली. तिचा हातगुण म्हणे! फक्त सासरी जाणाऱ्या मुलीला ती राखेत घोळवलेलं बी पदरात बांधून द्यायची आणि बजावायची, “हे राखत जा गं.” मी ते धुळ्याजवळच्या माझ्या सासरच्या गावी आणलं.

चाळीसगावला मामाचं, म्हणजे अक्काच्या धाकट्या भावाचं, बियाण्यांचं दुकान आहे. त्याने दरवर्षी अक्काकडून नेलेलं हे बी पाकिटांत भरलं, वर ‘अक्का’ छापलं आणि त्या नावाचा ट्रेडमार्क घेतला. अक्का काय हरखली होती! रिकामं पाकीट देवघरात ठेवलं तिने. मग माझ्या भावाने जळगावला अक्काकडूनच घेतलेलं तेच बी त्याच नावाने विकायला काढलं, आणि मामाच्या वकिलाची नोटीस आली: ‘अक्का’ हे नाव वापरू नये. अहो, पोराने आईचं नाव वापरायचं नाही? डोंबल तुमच्या ट्रेडमार्कचं! पण माझा भाऊही काही कमी नाही, त्यानेही वकील लावला.

त्या भाऊबीजेला मामा आला नाही. अक्का ओवाळणीचं ताट घेऊन बसून राहिली. निरांजन विझलं की पुन्हा लावायची. मला रडू आवरेना.

हिवाळ्यात तिने सगळ्या चिंध्या सोडल्या. वांगी कोवळी असतानाच, बी पक्कं व्हायच्या आत तोडली, कपाशीच्या काड्यांवर भाजली आणि गावाला भरीत खाऊ घातलं. “आता भांडा म्हणावं नुसत्या नावासाठी,” म्हणाली. मामाकडे नाही, माझ्या भावाकडे नाही, गावात कुणाकडेच बी उरलं नाही. भांडण मात्र उरलं. पुढच्या भाऊबीजेलाही मामा आला नाही.

यंदा दिवाळीआधी अक्का माझ्याकडे आली. सासूबाईंनी भरीत वाढलं. पहिला घास घेतला आणि तिचा हात ताटातच थांबला. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “कसं शे? आम्हनी सूननं वांगं! बठ्ठं गाव हाईच लावस.”

इथं सगळं गाव ते माझंच वांगं म्हणून लावत होतं. ते अक्काचं आहे हे खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर अक्काने डोळ्यांनी दटावलं. “चांगलं शे,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाढून घेतलं. माझ्या नावाने वाढलेलं आपलंच वांगं किती समाधानाने खाल्लं तिने!

जेवण झाल्यावर माझ्याकडे बी मागितलं. मी दिलं. तिने त्याच्या दोन पुरचुंड्या केल्या: एक लेकाची, एक भावाची. मग माझ्या फोनवरून मामाला फोन लावायला सांगितला.

“बी सापडनं,” ती म्हणाली. “नाव तुनाजवळच राहू दे रे भाऊ. पन अक्का म्हनीसन हाक माराले तरी ये.”

 मी कान फोनजवळ नेला.

“अक्का,” मामाने हाक मारली.