काकांचा फोटो खाली गेला

आमच्याकडे माणूस फ्लेक्स वाचत नाही, फोटो वाचतो. कोणाचा वर, कोणाचा खाली, कोणाचा मोठा. मजकूर वाढदिवसाचा आहे की तेरवीचा, हे मग सवडीने. हे ठाऊक असूनही मी चूक केली, म्हणजे माझी अक्कल चरायलाच गेली होती.

उंद्रीला बाबांची आणि धाकट्या काकांची मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघा भावांचं चार वर्षं बोलणं बंद होतं. यंदा आईने मध्ये पडून धंदा एकत्र करवला, तरी बोलणं माझ्यामार्फतच. दोन हातांवर बसूनसुद्धा "तुह्या बापाले सांग" आणि "तुह्या काकाले विचार". जुळलंय ते पुन्हा तुटू नये, एवढीच आम्हा घरच्यांची काळजी.

मी वेब पेजचं काम शिकलेली, म्हणून नर्सरीचं पान माझ्याकडे आलं. वर नर्सरीचं नाव, त्याखाली डावीकडे बाबा, उजवीकडे काका. लॅपटॉपवर पाहून मीच माझी पाठ थोपटली आणि लिंक पाठवून दिली.

अर्ध्या तासात काका मोबाइल नाचवत दारात.

"काऊन वं, मले खाली काऊन टाकलं?"

पाहते तर खरंच! मोबाइलचा पडदा अरुंद. दोन फोटो शेजारी मावले नाहीत, की दुसरा आपोआप पहिल्याच्या खाली उतरतो. मी हे नीट समजावलं.

"आपोआप उतरते, तं मंग तुहा बाप काऊन नाही उतरला?"

मी पुन्हा लॅपटॉप उघडला.

काकांना पहिलं केलं. तर दुपारी बाबा ताटावर बसेनात. "मोठा कोण हाये या घरात?" एवढंच म्हणाले.

मग दोघांना अर्धी अर्धी रुंदी देऊन मोबाइलवरही शेजारी दामटलं. पण बाबांचा फोटो आडवा, काकांचा उभा. काका ताडमाड आणि बाबा त्यांच्या पोटाशी! उंची सारखी करायला काकांचा फोटो वरून कातरला, तर टोपीच गेली.

"टोपी उडवली माही!" काका गरजले. "तुह्या बापाले सांग, मी माही रोपं येगळी करतो."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. "निघा दोघं बाहेर!" मी ओरडले. "आता एकच फोटो काढते. एकाच फोटोत असल्यावर कोणी कोणाच्या खाली उतरत नाही."

शेडनेटच्या हिरव्या जाळीसमोर दोघं उभे राहिले, मध्ये बैल जाईल एवढी जागा ठेवून. तसाच फोटो काढला, पानावर टाकला आणि मोबाइल दोघांच्या नाकासमोर धरला. एवढा रुंद फोटो मोबाइलच्या रुंदीत बसवायचा, म्हणजे सगळंच लहान होतं. दोघांची तोंडं तुरीच्या दाण्याएवढी, आणि मधोमध नुसतं हिरवं शेडनेट.

"हे कोण हायेत?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच. जवळ सरकलात तर मोठे दिसाल. नाहीतर असेच."

कोणी हलेना. मी फोटोसाठी पुन्हा मागे जाऊन मोबाइल धरून उभी. हाताला रग लागली, पण मीही त्यांच्याच घरातली. शेवटी काका एक पाऊल सरकले. बाबा अर्धं. मग काका आणखी एक. खांद्याला खांदा लागला तसे दोघंही ताठ झाले. मी बटण दाबणार, तोच काका मान वळवून म्हणाले, मला नाही, बाबांना:

"दादा, कॉलर नीट कर ना तुही."

बाबांचा हात कॉलरकडे गेला. त्यांना काही ती जमेना. मग काकांनीच नीट केली.