दुपारचे ढग आणि आमच्या कुरडया

माझ्या फोनवर दोन गावांचं हवामान असतं. वर मँचेस्टरचं, खाली तुमचं, नातींनो. सकाळी चहा उकळेपर्यंत मी दोन्ही बघते आणि वहीत लिहून ठेवते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये इतकी वर्षं काम केल्यावर नोंदी ठेवायची सवय हातालाच लागते. रिटायर झाले तरी ती काही सुटली नाही. तुमची आई तापमान फॅरनहाइटमध्ये सांगते, ते मी सेल्सिअसमध्ये करून घेते.

तुमची आई नोकरीसाठी अमेरिकेत गेली तेव्हा मी नकाशात ते गाव शोधलं होतं. पश्चिमेला रॉकी पर्वत आणि त्यांच्या पायथ्यापासून पूर्वेकडे पसरलेला सपाट माळ. हा माळ महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उंच म्हणजे डोंगर आणि सपाट म्हणजे खाली, अशीच माझी समजूत होती. तिथली हवा कोरडी, ऊन कडक. "आई, टॉवेल तासाभरात वाळतो इथे," असं तुमची आई म्हणाली आणि मला लगेच कुरडया आठवल्या.

मँचेस्टरला माझ्या कुरडया कधी नीट वाळल्या नाहीत. एकदा मागच्या बागेत घातल्या, त्यांना बुरशी आली. एकदा रेडिएटरवर वाळवल्या, तेव्हा घरभर असा आंबूस वास सुटला की तुमचे आजोबा ऐन थंडीत खिडक्या उघडून, अंगात कोट घालून जेवायला बसले. मग मी नाद सोडला. साताऱ्याहून माझी जाऊ दरवर्षी डबा पाठवायची. आता ती थकली. तिचा शेवटचा डबा तुम्ही दोघींनी इथे नाताळात संपवला आणि थोरलीने विचारलं, "आजी, हे आपण का नाही बनवत?"

गेल्या जूनमध्ये, अकराव्या वर्षी, तिने ते मनावर घेतलं. मी माझा पितळी सोऱ्या पार्सलने पाठवला. तुमच्या आईने एकच अट घातली: "एकदाच हं. पसारा होणार, वास येणार, वर मला ऑफिस आहे. बिघडलं तर पुन्हा नाव काढायचं नाही." त्यामुळे थोरलीच्या हातात ही एकच खेप होती. आणि हवामान खातं होतं माझ्याकडे.

कुरडया मनात आलं की लगेच होत नाहीत. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळून घ्यायचा आणि रात्रभर खाली बसू द्यायचा. सकाळी तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. म्हणजे आज गहू भिजवताना चार दिवसांनी ऊन असेल का, हे माहीत हवं. रविवारी तुम्ही गहू भिजवले तेव्हा माझ्या फोनवर आठवडाभर सूर्य दिसत होता.

बुधवारी चीक काढला. गुरुवारी तुमच्या सकाळी सहाला, म्हणजे माझ्या दुपारी एकला, मी फोन उघडला तर गुरुवारच्या चौकोनात काळा ढग आणि त्यातून निघालेली वीज. मी सांगितलं, आज नको, चीक फ्रिजमध्ये ठेवा. शुक्रवारी पुन्हा तोच ढग.

"आजी, आज पण नाही?" थोरलीने विचारलं.

"वीज दिसतेय गं. उद्या बघू."

"उद्या पण तेच आहे. पूर्ण वीक तेच आहे."

मागून तुमच्या आईचा आवाज आला, "आई, चीक आंबायला लागलाय. आज झालं नाही तर मी तो सिंकमध्ये ओतणार आहे."

मग थोरली म्हणाली, "आजी, तू फक्त चित्र बघतेस. त्याच्यावर टॅप कर ना. सकाळी सूर्य आहे. वीज तीन वाजता आहे. रोज तीन वाजता."

मी चित्रावर बोट ठेवलं आणि तासातासाचं हवामान उघडलं. सहा, सात, आठ, पार एकपर्यंत नुसता सूर्य. मँचेस्टरमध्ये चौकोनात ढग दिसला की मी छत्री घेते, विषय संपला. इथला पाऊस सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. किती वाजता, असं मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"स्विमिंग पूलवर रोज त्याच टाइमला शिट्टी मारतात. सगळे बाहेर. वीज येते ना."

सातच्या आत पहिली कुरडई प्लॅस्टिकवर पडली. ती कुरडईपेक्षा पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसत होती. दहाव्या कुरडईपर्यंत हात बसला. धाकटीला खिडकीशी बसवून डोंगरांवर नजर ठेवायला सांगितलं होतं. मी इकडे पोळ्या करत होते आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवून फोन डब्याला टेकवला होता.

"आजी, छोटा फ्लॉवर आला," ती अकराला म्हणाली. तासाभराने, "आता मोठा फ्लॉवर." ढग खरोखर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर फुगत होता. एक वाजता तिने सांगितलं, "खाली काळा झाला," आणि थोरलीने माझ्याकडे न बघताच प्लॅस्टिकचं एक टोक उचललं. दुसरं, त्या दिवशी घरूनच ऑफिसचं काम करणाऱ्या तुमच्या आईने धरलं. अर्ध्या वाळलेल्या कुरडया गॅरेजमध्ये गेल्या.

दोन वाजून वीस मिनिटांनी गारा सुरू झाल्या. माझ्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते आणि बाहेर अजून उजेड होता. सकाळी जिथे प्लॅस्टिक अंथरलं होतं, त्या फरशीवर सुपारीएवढ्या गारा उड्या मारत होत्या. पंधरा मिनिटांत सगळं थांबलं आणि लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरडया पुन्हा बाहेर आल्या आणि दुपारच्या आत खडखडीत वाळल्या.

नंतर मी वाचलं की सकाळच्या उन्हाने डोंगर तापतात, तिथली हवा वर चढते, तिचे ढग होतात आणि वारा ते माळाकडे ढकलतो. पण काही दिवशी तोच ढग तुमच्या छपरावरून कोरडाच का निघून जातो, ते मला अजून कळलेलं नाही. वहीत मी आता दोन रकाने आखलेत, सकाळ आणि दुपार. तुमच्या गावाचे दोन्ही उपयोगी पडतात. मँचेस्टरच्या दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा "सकाळप्रमाणेच" लिहावं लागतं.

ऑगस्टमध्ये तुमचं पार्सल आलं. निम्म्या कुरडया मोडल्या होत्या. आईने आता स्वतःहून पुन्हा गहू आणलेत, असं थोरलीने चिठ्ठीत लिहिलं होतं. बाहेर रिमझिम चालू होती. मी तेल तापवलं आणि एक अख्खी कुरडई सोडली. ती पांढरीशुभ्र होऊन कढईभर फुलली. चव छान होती, फक्त जरा जास्त आंबट. गुरुवारी चीक फ्रिजमध्ये ठेवायला मीच सांगितलं होतं, तेवढा आंबटपणा माझा.