उलट्या बाजूची बस

देवानं मला सांभाळलं, हे सांगायला तोंड धजत नाही. आईच्या शेवटच्या घटकेला ज्यानं पाठ फिरवली, त्यानं असं बोलावं तरी कसं? पण आता लिहून टाकतो.

गेल्या वर्षी लेकीच्या पहिल्या गरोदरपणात मी अमेरिकेतल्या तिच्या मध्यम आकाराच्या गावी होतो. बायको नवव्या महिन्यात यायची होती. जावई कामासाठी बाहेरगावी, गाडी त्यांच्याकडं. सातव्याच महिन्यात एका सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्समध्ये चढताना ती म्हणाली, "बाबा, चला ना." मी म्हणालो, "तू हो पुढं, आलोच मागून." खरं सांगतो, मला जायचंच नव्हतं. भीतीपायी घरातच बसून राहिलो.

हेच शब्द मी पूर्वीही बोललो होतो. पेडगावला आई अखेरच्या घटका मोजत होती. धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, तुझंच नाव घ्यायलीय ती." "आलोच," म्हणालो आणि परभणीच्या स्टँडवर बाकड्यावर बसून राहिलो. गावाकडच्या दोन गाड्या डोळ्यांदेखत गेल्या. मरण बघायची छाती नव्हती. संध्याकाळी पोचलो तेव्हा आई गेली होती. सगळ्यांना सांगितलं, बस चुकली. बायकोलाही तेच.

अँब्युलन्स गेल्यावर थोड्या वेळानं बायकोचाच फोन आला. "तुमी घरात काय करायलात? लेकरू तिकडं एकटं हाय!"

"गाडी न्हाई ना इथं."

"परभणीत कुठं मोटार होती आपल्याला? पाय काय गहाण टाकलेत?"

पोखर्णीच्या नृसिंहाच्या तसबिरीपुढं हात जोडले, फ्रिजवर चिकटवलेलं दवाखान्याचं कार्ड खिशात घातलं आणि निघालो. घरासमोरून बारा नंबरची बस थेट दवाखान्याला जाते, असं लेकीनं सांगितलं होतं. आपल्याकडं उभं राहतो तसा मी रस्त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिलो. तिथं गाड्या उजवीकडून चालतात, हे घाबरलेल्या डोक्यात आलंच नाही. बस आली, चढलो. घरं विरळ झाली, मोठमोठी गोदामं लागली आणि ड्रायव्हरनं शेवटचा थांबा म्हणून उतरवलं. माणूस दिसेना. सहा पदरी रस्ता, चालायला कडेला पायवाटही नाही. घराबाहेर माझ्या फोनला इंटरनेट नव्हतं. आज खरंच बस चुकली होती आणि कुणाला खरं वाटणार नव्हतं. पुटपुटलो, "नृसिंहा, शिक्षा मला कर. लेकीला माझ्या पापात धरू नको."

थांब्याच्या आडोशाला एक काळी म्हातारी कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन बसलेली दिसली. मी कार्ड पुढं केलं. तिनं कार्ड पाहिलं, मला पाहिलं. "कम ऑन, बेबी." पंचावन्न वर्षांच्या मला! माझी बाही धरून तिनं तो रस्ता पार केला, बसमध्ये शेजारी बसली आणि दवाखान्याच्या काउंटरपर्यंत येऊन तिथल्या बाईंशी बोलली. मी आभार मानायला वळलो, तर ती बाहेर, आम्ही जिकडून आलो तिकडं परत जाणाऱ्या बसची वाट बघत उभी होती. तिला इकडं यायचंच नव्हतं.

लेकीला ऑपरेशनला न्यायची तयारी चालली होती. "लय उशीर केला, बाबा," म्हणत तिनं हात घट्ट धरला. या वेळी मी तो सोडला नाही. नात मूठभर जन्मली, कित्येक दिवस काचेच्या पेटीत राहिली. आता ती घरभर रांगते.

परत आल्यावर पेडगावला जाऊन भावाला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक होतं, दादा. त्यातल्या एका गाडीचा कंडक्टर आपल्याच गावचा होता. त्यानं तुला बाकड्यावर बघितलं होतं."

इतकी वर्षं त्यानं मला झाकून धरलं होतं. कृपा मी परक्या देशात पाहिली असं समजत होतो, ती तर कधीपासून घरातच होती. भीती अजून वाटते. पण कुणी बोलावलं की आता उठून निघतो. पुढचं नृसिंहाच्या हाती.