उरलेले दोन पर्याय

स्वारगेटजवळच्या ज्या हॉटेलात मी रोज सकाळी पोहे खातो, तिथे माझ्यासमोर एक अर्धवट डॉक्टर येऊन बसायचा. अर्धवट हा शब्द त्याचाच. डॉक्टरकी शिकला किर्गिझस्तानात. इथे दवाखाना थाटायचा तर सरकारची परीक्षा पास व्हायला हवी, आणि ती त्याला सारखी हुलकावणी देत होती. गावाकडे वडिलांनी मात्र नावाआधी 'डॉ.' लिहिलेली पाटी कधीच दाराला ठोकली होती.

जाडजूड पुस्तक मांडीवर ठेवून तो भिंतीवरचा फळा वाचायचा. "इडली नको, सांबार कालचं दिसतंय. उपमा तर शक्यच नाही." मग मिसळ आणि पोहे उरायचे. वेटर जांभया देत उभा. शेवटी हा डोळे मिटून मिसळ सांगायचा आणि ती आली की माझ्या पोह्यांकडे बघून सुस्कारा टाकायचा.

"काका, परीक्षेतही असंच होतं बघा. चारातले दोन चुकीचे पर्याय मी बरोबर खोडतो. उरलेल्या दोनमध्ये माती खातो."

"मग शेजारच्याचं बघून लिहीत जा," मी म्हणालो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो आला. चेहरा बघून मी काहीच विचारलं नाही. पुणेकराला हे किती जड जातं, ते पुणेकरालाच ठाऊक. फळ्याकडे न बघता त्याने मिसळही मागवली आणि पोहेही.

"दोन्ही?" वेटरने विचारलं.

"हो. इथे चालतं."

दोन्ही बशा चाटूनपुसून साफ केल्यावर त्याने हात धुतले आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडलं.